हेन्ड्रिक्सचा अपुरा अल्बम स्वतः जुळवला, त्याला नऊ महिने झाले

गेल्या गणपतीच्या सुट्टीत मी अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सचा चौथा स्टुडिओ अल्बम जुळवला. म्हणजे जो कधी निघालाच नाही तो. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये तो गेला तेव्हा वय होतं २७, आणि नव्या अल्बमचं काम अर्ध्यावर होतं. आता पावसाळा तोंडावर आलाय. या नऊ महिन्यांत हा अल्बम मी आठवड्यातून दोनदा तरी पूर्ण ऐकलाय, त्यात तीनदा मोडून पुन्हा बांधलाय. कोणाला असं काही करायचं असेल तर हा अनुभव उपयोगी पडावा.

आधी हे सांगायला हवं की तयार पर्याय आहे आणि तो चांगला आहे. १९९७ मध्ये 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन' या नावाची सीडी आली. नाव हेन्ड्रिक्सनेच ठरवलेलं. १७ गाणी आहेत, आणि त्याच्यासोबत ती ध्वनिमुद्रित करणारा एडी क्रेमर या संकलनातही होता. आवाज स्वच्छ, बिली कॉक्सचा बास अगदी छातीत वाजतो. मी ती कित्येक वर्षं ऐकली. तक्रार एकच, पण मोठी: क्रम. सीडी सलग सत्तर मिनिटांच्या आसपास वाजत राहते. हेन्ड्रिक्स मात्र तबकडीच्या बाजूंमध्ये विचार करत होता. एका बाजूवर वीसेक मिनिटं, मग उठायचं, तबकडी उलटायची. त्याच्या हातची यादी आहे, तीन बाजूंची. चौथी बाजू भरलेलीच नाही.

मी ती यादी प्रमाण मानली. पहिली बाजू अशी: डॉली डॅगर, नाइट बर्ड फ्लाइंग, रूम फुल ऑफ मिरर्स, बेली बटन विंडो, फ्रीडम. बेरीज केली तर १९ मिनिटांच्या आसपास येते. माणसाने नुसती आवडती गाणी लिहून काढलेली नव्हती, त्याला बाजूचा अंदाज होता.

यातल्या बेली बटन विंडोने मला सगळ्यात जास्त शिकवलं. हे गाणं २२ ऑगस्ट १९७० चं. न्यूयॉर्कच्या वेस्ट एट्थ स्ट्रीटवर त्याने स्वतःसाठी बांधून घेतलेल्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, एकटा, गिटार आणि गळा, बाकी कोणी नाही. स्टुडिओचं उद्घाटन २६ तारखेला झालं, आणि महिनाअखेरीस तो इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट संगीत महोत्सवाच्या मंचावर होता. त्या स्टुडिओत तो परत आलाच नाही. त्यामुळे त्याच्यामागे निघालेल्या अल्बममध्ये हे गाणं निरोपासारखं वापरलं गेलं. १९७१ चा 'द क्राय ऑफ लव्ह' त्यावर संपतो, १९९७ ची सीडीही त्यावरच संपते. मीही वर्षानुवर्षं ते तसंच ऐकलं, डोळे ओले करून.

पण गाणं आहे कशाबद्दल? आईच्या पोटातलं मूल बेंबीच्या खिडकीतून बाहेर बघतंय आणि विचारतंय, मी तुम्हाला हवाय का? हे जाणाऱ्याचं गाणं नाही, येणाऱ्याचं आहे. हेन्ड्रिक्सच्या यादीत ते पहिल्या बाजूवर चौथं आहे आणि त्याच्या लगेच पाठीवर फ्रीडम येतं. पहिल्यांदा हा क्रम लावून ऐकला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. ती एकटी गिटार थांबते, शीळ विरते, आणि फ्रीडमची ती तुटक, धारदार सुरावट दार ढकलून आत येते. मूल जन्माला आलं! हा जोड गेल्या नऊ महिन्यांत एकदाही फिका पडला नाही. बाकी काही करू नका, हा एक क्रम लावून ऐका.

दुसऱ्या बाजूचा प्रश्न आला नाही. इझी रायडर, ॲस्ट्रो मॅन, ड्रिफ्टिंग, स्ट्रेट अहेड, सोळा मिनिटांच्या वर. जशी लिहिली तशी लावली. ॲस्ट्रो मॅन मला अजूनही थोडं कच्चं वाटतं, पण यादी त्याची आहे, माझी नाही.

तिसऱ्या बाजूवर मात्र कस लागला. ड्रिफ्टर्स एस्केप 'साउथ सॅटर्न डेल्टा' या त्याच्यामागे निघालेल्या संकलनातून घेतलं, कमिंग डाउन हार्ड ऑन मी २००० साली आलेल्या चार सीडींच्या संचातून. चेरोकी मिस्टही त्याच संचातलं, पण ते ध्वनिमुद्रण १९६८ चं, म्हणजे १९७० च्या सुरांमध्ये वेगळं ऐकू येतं. ते मी दोन महिने काढून टाकलं होतं, मग परत घेतलं. शेवटी एंजल.

इथे नियम ठरवावाच लागतो: त्याच्या मृत्यूनंतर चढवलेले थर चालतील का? एंजलवरचे मिच मिचेलचे ड्रम्स नंतर, ऑक्टोबर १९७० मध्ये वाजवलेले आहेत. ड्रिफ्टिंगवरचा व्हायब्राफोनही तो गेल्यानंतरचा. मी दोन्ही ठेवले. मिच त्याच्यासोबत वर्षानुवर्षं वाजवत होता, अर्धवट राहिलेलं गाणं हातावेगळं करत होता. १९७५ च्या 'क्रॅश लँडिंग' या अल्बममधलं मात्र काहीही घेतलं नाही. तिथे मूळ साथीदारांचं वाजवणं पुसून, त्याला कधी न भेटलेल्या वादकांकडून नव्याने भरून घेतलंय. घरच्या माणसाने राहिलेली रांगोळी पूर्ण करणं वेगळं, आणि परक्याने पुसून नवी काढणं वेगळं.

आता तांत्रिक. सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल-प्रकार) उतरवल्या आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लावल्या. वेगवेगळ्या काळात मास्टर झालेल्या गाण्यांचा आवाज सारखा नसतो. मी आधी प्रत्येक गाण्याचा आवाज आपोआप समान करून घेतला आणि ती चूक झाली. बेली बटन विंडो एकट्या गिटारचं, ते फ्रीडमच्या बरोबरीने गरजायला लागलं आणि दार उघडण्याची सगळी गंमत गेली. मग एकेक गाणं कानाने लावलं, गाणाऱ्याचा गळा एकाच अंतरावरून आल्यासारखा वाटेल इतपत. चार रात्री गेल्या. दोन गाण्यांमधली शांतताही सरसकट ठेवू नका. बेली बटन विंडोआधी मी तीन सेकंद ठेवले, नंतर जेमतेम एक.

आणि प्रत्येक बाजू ही एकच फाइल करा. माझ्या फोनवरच्या ॲपने एका अपडेटनंतर सगळी गाणी इंग्रजी अक्षरक्रमाने लावून टाकली. बसमध्ये हेडफोन घातला तर सुरुवातीलाच एंजल. तेव्हापासून तीन बाजू, तीन फाइली.

तीनच, कारण चौथी आता नाही. आधी होती. मला वाटलं होतं रिकामी जागा म्हणजे आपल्यासाठी सोडलेली जागा. तिथे मी 'हे बेबी (न्यू रायझिंग सन)' लावलं, इन फ्रॉम द स्टॉर्म लावलं, अर्थ ब्लूज, स्टेपिंग स्टोन. चांगली, तालेवार गाणी. अल्बमच्या शीर्षकातला उगवता सूर्य तर 'हे बेबी'च्याच कंसात आहे, ते सोडायचं कसं? पण दर वेळी चौथ्या बाजूवर माझं लक्ष उडायचं. क्रम उलटसुलट करून पाहिला, गाणी कमी केली, काही उपयोग झाला नाही.

जानेवारीत एका रविवारी बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते आणि मी स्पीकरवर लावलं होतं. बाबांना रॉकमधलं काही कळत नाही, ते सवाईला जाणारे. एंजल संपलं. मी चौथी बाजू लावली. त्यांनी पेपर खाली केला.

"आत्ता झाली ती भैरवी होती ना रे?"

"भैरवी नाही बाबा, ते..."

"राग नाही म्हणत मी. मैफल संपली ना तिथे? मग हा परत का गातोय?"

मी त्याच रात्री चौथी फाइल काढून टाकली. चारही गाणी माझ्याकडे वेगळी आहेत, सकाळी फिरायला जाताना ऐकतो. तिथे ती फार छान लागतात.

आता बाबा कधी कधी तिसरी बाजू लावायला सांगतात. एंजलमध्ये मिच शेवटी झांजांवर हात मोकळा सोडतो तिथे त्यांची मान हलते. गाणं संपल्यावर मी लगेच उठत नाही, तेही पेपर उचलत नाहीत.