एक्सएमएल-लिंट: जुनं हत्यार, पण धार शाबूत

लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीसोबत येणारं, एक्सएमएल (टॅग लावून डेटा लिहायची पद्धत) फाईल तपासणारं हे कमांड लाइनवरचं टूल एक्सएमएल शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी हाताशी घ्यावं. ‘नोआउट’ पर्याय देऊन फाईल चालवली की फक्त चुका दिसतात, ओळीच्या क्रमांकासह. बंद न केलेला टॅग, अवतरणचिन्हांविना लिहिलेलं अ‍ॅट्रिब्यूट, दोन रूट एलिमेंट (सर्वांत बाहेरचा घटक, तो एकच हवा), सगळं पकडतं. सर्वांत जास्त नडतो तो मजकुरातला सुटा अँपरसँड (&). त्याच्यापुढे एएमपी आणि अर्धविराम हवा. संदेश मात्र ‘नाव नाही’ एवढाच येतो, नवख्याला काय कळणार!

रचना शुद्ध म्हणजे डेटा बरोबर, असं नव्हे. तारखेत ‘2024-02-30’ असलं तरी साधी तपासणी गप्प बसते. ‘स्कीमा’ पर्यायाने एक्सएसडी (कोणत्या घटकात काय चालेल हे सांगणारी नियमांची फाईल) जोडा आणि तो घटक डेट प्रकारचा ठेवा, मग लगेच ओरडतं.

खरी डोकेदुखी एक्सपाथची, म्हणजे फाईलमधला घटक शोधायच्या भाषेची. रूटवर डीफॉल्ट नेमस्पेस (घटकांची नावं कोणत्या संचातली हे सांगणारी ओळख) असेल तर डोळ्यांसमोरचा घटकही सापडत नाही, निकाल रिकामा. नेमस्पेस सोडून फक्त नाव बघणारं लोकल-नेम फंक्शन वापरून वाट काढावी लागते. शिवाय हे टूल एक्सपाथच्या 1.0 आवृत्तीवरच अडकलेलं आणि एक्सएसडी 1.1 चे अ‍ॅसर्ट नियम (मूल्यांवर घातलेल्या अटी) चालत नाहीत. अवाढव्य फाईल मेमरी खात असेल तर ती तुकड्यातुकड्याने वाचणारा ‘स्ट्रीम’ पर्याय द्या.