जादू अडवायची कशी? नव्या 'प्लेयर्स हँडबुक'बद्दल

गोष्टीतल्या जादूगारापेक्षा त्याला अडवणारा ज्यांना जास्त आवडतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे फासे टाकत, एकेक पात्र होऊन सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ. त्याचं 2024चं नियमपुस्तक 'प्लेयर्स हँडबुक' (384 पानं) मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या गटासाठी घेतलं. रविवारी पोरं जमतात. गोष्ट जवळच्याच राजहंसगडावर घडते, पुस्तक इंग्रजीत आणि खेळ सगळा मराठीत.

मी पहिल्यांदा 'काउंटरस्पेल'चं, म्हणजे दुसऱ्याचा मंत्र हाणून पाडणाऱ्या मंत्राचं पान उघडलं. 2014च्या आवृत्तीत समोरचा 60 फुटांच्या आत मंत्र टाकताना दिसला की हात हलवायचा, आणि मंत्र तिसऱ्या पातळीपर्यंतचा असला की तो जागच्या जागी खलास. त्यानं काही करायचा प्रश्नच नव्हता, वर त्याचा स्लॉटही (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) जायचा. आता त्याला फासा टाकून तग धरता येतो. काटक शरीराचा मांत्रिक टिकतो, किडकिडीत ढेपाळतो. मंत्र फसला तरी स्लॉट वाचतो, फक्त ती खेळी वाया जाते. मला हा बदल मनापासून आवडला. अडवणं ही झुंज वाटली पाहिजे, आणि आता ती वाटते.

तरी माझा सगळ्यात लाडका मंत्र 'सायलेन्स'. पातळी दुसरी, 20 फूट त्रिज्येचा गोल, आत कसलाही आवाज नाही. त्यामुळे तोंडानं म्हणायचे मंत्र तिथं चालतच नाहीत. पण शत्रू चालत बाहेर पडू शकतो, आणि खरी मजा तिथंच आहे. आमच्यातल्या नववीतल्या एका मुलीनं गडाच्या दरवाजात हा मंत्र टाकला. तालमीत जाणाऱ्या पोराच्या लढवय्यानं मांत्रिकाला कवळा घालून आतच धरून ठेवलं. "आता म्हण की मंत्र!" म्हणून सगळी ओरडली. एवढ्यात एकानं पुस्तकातून शोधून काढलं की काउंटरस्पेलला आवाज लागत नाही, नुसता हात पुरतो. म्हणजे त्या गोलात उभं राहूनही तो टाकता येतो. नियम इतका बारकाईनं लिहिलेला असला की पोरं आपणहून पुस्तक वाचतात.

'अँटीमॅजिक फील्ड' आठव्या पातळीचा. 10 फुटांत सगळी जादू बंद, आपलीसुद्धा. आमची पात्रं अजून तिथवर पोचलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र मला या पुस्तकात सापडली नाही. महाभारतात अश्वत्थाम्यानं नारायणास्त्र सोडल्यावर कृष्ण सगळ्यांना शस्त्रं टाकून रथाखाली उतरायला सांगतो. भीम ऐकत नाही, तेव्हा ते अस्त्र त्याच्यावरच एकवटतं, आणि कृष्णार्जुनांना त्याला ओढून खाली उतरवावं लागतं. प्रतिकार केला की वाढणारी शक्ती! इथले बहुतेक बचाव ताकदीचे नाहीतर फाशाचे आहेत, शरण जाण्यातला शहाणपणा कुठं नाही. मी तो नियम स्वतःच बनवलाय: जो हत्यार उगारेल त्याला दुप्पट इजा, जो टाकेल त्याला काही नाही. पुढच्या आवृत्तीत असं काही यावं, ही माझी मनापासूनची इच्छा.

घ्यायचं का? वर सांगितलेले तिन्ही मंत्र प्रकाशकांच्या मोफत नियमसंचातही आहेत. आधी तो उतरवून दोन-तीन डाव खेळा. पोरं रमली आणि पात्रं घडवायला जास्त पर्याय हवेसे वाटले, तर पुस्तक नक्की घ्या. 20 बाजूंचे फासे मात्र दोन तरी आणा, कारण कधीकधी दोन्ही एकदम टाकावे लागतात.