नाइन पॅच, लॉग केबिन, तारा की षटकोन : पहिल्या ठिगळाच्या गोधडीसाठी कुठला ब्लॉक घ्यायचा

भाचीने फोटो पाठवला, मावशी बाळासाठी अशी गोधडी शिवशील का. फोटोत सगळे तारेच तारे. मी वरवर बघितलं आणि म्हटलं हा तर ओहायो स्टार, मग काय, मंगळदास मार्केटला जाऊन दोन रंगात कॅम्ब्रिक आणलं, अख्खी दुपार मापं काढून चौकोन कापत बसले, आणि संध्याकाळी एक ब्लॉक (गोधडीत पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा एक चौकोन) जोडून फोटोशेजारी धरला तर माझा मधला चौकोन एवढुसा आणि फोटोतला चांगला ऐसपैस. तो सॉटूथ स्टार नावाचा दुसराच तारा होता. एका खोलीत कापड पसरलेलं, जेवायला बसायला जागा नाही, आणि मापं चुकलेली. तेव्हा कुठला ब्लॉक घ्यायचा हे ठरवायच्या आधी समोरचा ब्लॉक ओळखायचा कसा ते सांगते, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण आधी विचारतो ना किती बाय किती ठिपके, बस तेच इथे करायचं. रंग, फुलं, प्रिंट सगळं विसरा. आधी एक ब्लॉक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते शोधा (हेच अवघड असतं, कारण ब्लॉक शेजारी शेजारी लागले की मध्ये भलतीच नक्षी तयार होते आणि डोळा तिलाच ब्लॉक समजतो), मग त्याच्या एका बाजूवर किती घरं पडतात ते मोजा. तीन घरं असतील तर नाइन पॅचचं खानदान, दोन किंवा चार असतील तर फोर पॅचचं, पाच असतील तर फाइव्ह पॅच, सात असतील तर सेव्हन पॅच, अस्वलाच्या पंज्यासारखा दिसणारा बेअर्स पॉ या सातवाल्यांपैकी. ओहायो स्टार तीन घरांचा, म्हणून मधला चौकोन ब्लॉकच्या एक तृतीयांश. सॉटूथ स्टार चार घरांचा, त्यातली मधली दोन घरं चौकोनाची, म्हणून चौकोन निम्मा. १२ इंची ब्लॉक असेल तर एकात मधला चौकोन ४ इंच, दुसऱ्यात ६. दोघांनाही आठ टोकं, लांबून सख्खे भाऊ, पण मापं एकमेकांना अजिबात चालत नाहीत.

घरं कळली की ब्लॉकचं माप पण आपोआप ठरतं. तीनवाल्याला ९ किंवा १२ इंच, चारवाल्याला ८ किंवा १२, पाचवाल्याला १०, सातवाल्याला ७ किंवा १४. सात घरांचा ब्लॉक १२ इंचात बसवायला गेलात तर टेपवर नसलेली मापं शोधत बसाल.

नावांच्या मागे फार लागू नका हं. एकाच ब्लॉकला चर्न डॅश, मंकी रेंच, होल इन द बार्न डोअर अशी तीन नावं सहज सापडतात. यातले बरेच ब्लॉक अमेरिकेत वर्तमानपत्रांमधून घरोघरी गेले, कॅन्सस सिटी स्टार हा पेपर तर १९२८ ते १९६१ पर्यंत क्विल्टचे, म्हणजे तिकडच्या गोधड्यांचे, नमुने छापत होता, आणि जो छापेल तो आपलं नाव द्यायचा. बार्बरा ब्रॅकमन या तिकडच्या अभ्यासक बाईंनी शेवटी हजारो ब्लॉक त्यांच्या रचनेनुसार लावून प्रत्येकाला नंबरच देऊन टाकला. आपणही नाव कळलं नाही तरी घरं मोजून कागदावर काढू शकतो, काम अडत नाही.

आता मुद्द्याचं. चार पर्याय आहेत आणि माझं मत आधीच सांगून टाकते, कापड विकत आणणार असाल तर नाइन पॅच, घरात साड्यांच्या आणि ब्लाउजपिसांच्या पट्ट्या पडून असतील तर लॉग केबिन, तारा दुसऱ्या गोधडीला, आणि षटकोन फक्त ज्यांना रोज तास-तासभर लोकलमध्ये बसायला मिळतं त्यांनी.

नाइन पॅच म्हणजे नऊ चौकोन, पाच गडद चार फिके. सुटे चौकोन कापत बसायचं नाही हे पहिलं. ३.५ इंच रुंदीच्या लांब पट्ट्या काढायच्या (दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच शिलाईत जातं, उरतात ३), तीन-तीन पट्ट्या लांबीत जोडायच्या, गडद-फिका-गडद असे दोन संच आणि फिका-गडद-फिका असा एक, मग ते आडवे परत ३.५ इंचावर कापायचे. ४४ इंच पन्न्याच्या कापडात एका संचातून १२ तुकडे निघतात, म्हणजे तीन संचांत बरोब्बर १२ ब्लॉक, प्रत्येक तयार ९ इंचाचा, तीन बाय चार लावले की २७ बाय ३६ इंच, बाळाची गोधडी झाली. गडद कापड लागतं साडेसतरा इंच आणि फिकं १४, म्हणजे अर्ध्या अर्ध्या मीटरात बसतं, पण आपलं सुती कापड आटतं आणि लाल-निळा तर रंगही सोडतो, म्हणून पाऊण मीटर घ्या आणि आधी भिजवून वाळवून इस्त्री करा. ३६ पन्ना मिळाला तर १० च तुकडे निघतील हे दुकानातच लक्षात ठेवा, घरी येऊन नाही.

पट्ट्या जोडल्या की शिलाईचं मार्जिन दरवेळी गडद रंगाकडे वळवून इस्त्री करायचं. त्यामुळे शेजारच्या ओळींची मार्जिनं उलट दिशांना पडतात आणि ओळी जोडताना शिलाया एकमेकींत अडकून बसतात, बोटाला कळतं. टाचणी नाही लावली तरी कोपरे जुळतात. ब्लॉकच्या आत फक्त चार ठिकाणी कोपरे जुळवायचे असतात, तेवढंच काय ते टेन्शन.

लॉग केबिनमध्ये तेवढंही नाही. मधे एक चौकोन आणि त्याभोवती गोल गोल पट्ट्या, एका कोपऱ्याच्या दोन बाजू फिक्या आणि समोरच्या दोन गडद. मधला चौकोन परंपरेने लाल, घरातली चूल म्हणून. (खिडकीत लॉग केबिन टांगून पळून जाणाऱ्या गुलामांना खूण करायचे ही गोष्ट फार फिरते, पण इतिहासकारांना त्याला पुरावा सापडलेला नाही, तेव्हा बारशाच्या वेळी ऐकवू नका.) पट्ट्या भोवती न फिरता समोरासमोर लागल्या असतील तर तो कोर्टहाऊस स्टेप्स, ओळखताना बहुतेक जण इथे फसतात.

माप सोपं आहे, मधला चौकोन ३.५ इंच, पट्ट्या सगळ्या १.५ इंच रुंद, तीन फेऱ्या झाल्या की तयार ब्लॉक ९ इंच. तुकडे १३, शिलाया १२. पट्टीची लांबी आधी मोजायची नाही, लावायची, शिवायची, जास्तीची कापायची. जुन्या साडीच्या चिंध्या अशाच संपतात. पण गोम अशी की चूक साठत जाते. मार्जिन पाव इंच म्हणजे दोन सूत असतं, आणि तुमची शिलाई फक्त अर्धा सूत आत गेली तर दोन्ही तुकड्यांचा अर्धा अर्धा मिळून प्रत्येक शिलाईला एक सूत कमी होतो. नाइन पॅचमध्ये एका रुंदीत दोनच शिलाया, म्हणजे दोन सुतांचं नुकसान, चालून जातं. लॉग केबिनच्या रुंदीत सहा शिलाया, म्हणजे सहा सूत, पाऊण इंच गायब. गंमत म्हणजे सगळ्या ब्लॉकमध्ये सारखीच चूक झाली तर काही बिघडत नाही, सगळे सारखेच लहान होतात आणि छान जुळतात. बिघडतं कधी, तर निम्मे ब्लॉक तुम्ही शिवलेत आणि निम्मे जाऊबाईंनी.

म्हणून मशीनवर आधी पाव इंच पक्का करा. आपल्या साध्या पायमशीनच्या दाबपट्टीची कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही. सुईखाली पट्टी ठेवा, पाव इंचाची रेघ सुईखाली आणा, आणि पट्टीच्या कडेला लागून खाली कागदी चिकटपट्टी लावा. बारा रुपयांच्या टेपने माझं अर्धं शिवणकाम सुधारलं.

लॉग केबिनची खरी अडचण इस्त्री आहे. प्रत्येक पट्टीनंतर इस्त्री हवीच, एका ब्लॉकला १२ वेळा, १२ ब्लॉकला १४४ वेळा. ज्यांच्याकडे जेवणाचं टेबल हेच शिवणाचं टेबल आहे त्यांनी विचार करा, मशीन आणि इस्त्री दोन्ही दिवसभर मांडलेली ठेवावी लागते, मे महिन्यात तर नकोच. नाइन पॅचला एक दिवस पसारा, मग सगळं पिशवीत. आणि लॉग केबिनची ती बार्न रेझिंग नावाची एकात एक शंकरपाळ्यांसारखी मांडणी करायची असेल तर तीन बाय चार चालत नाही, चार बाय चार म्हणजे १६ ब्लॉक लागतात, गोधडी ३६ बाय ३६. साडी वापरणार असाल तर कापायच्या आधी खळ द्या आणि कडक इस्त्री करा, नाहीतर मऊ पडलेलं सूत कात्रीखाली सरकतं आणि पट्ट्या केळफुलासारख्या वळतात.

ताऱ्यांबद्दल फार नाही बोलत. ओहायो स्टारचे तुकडे २१, त्यात १६ त्रिकोण, सॉटूथचे १७. तुकड्यांची संख्या नाही छळत, उरेब म्हणजे तिरका काप छळतो. चौकोन तिरका कापला की ती कड ताणली जाते, इस्त्री घासून फिरवली की आणखीच. इस्त्री वरून दाबा, उचला, परत दाबा. मापाचं गणित मात्र सुतात फार सोपं आहे, दोन त्रिकोणांचा चौकोन हवा असेल तर तयार मापात सात सूत मिळवून कापा, चार त्रिकोणांचा हवा असेल तर सव्वा इंच मिळवा. इंग्रजी पुस्तकातल्या सात अष्टमांशाला घाबरणाऱ्या बायका दादरला शिंप्याशी सुतात बोलतात तेव्हा अजिबात अडखळत नाहीत.

षटकोनाला मशीनच लागत नाही. कागदाचे षटकोन कापायचे, त्यावर कापड दुमडून कच्चा टाका घालायचा, मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचे, शेवटी कागद काढायचे. जुन्या लग्नपत्रिका त्यासाठी एकदम बेस्ट. मधे एक आणि भोवती सहा असं फूल, त्याभोवती आणखी बारा. अमेरिकेत १९३० च्या दशकात आजीची फुलबाग म्हणून हा नमुना फार चालला. बिस्किटाच्या डब्यात सगळा संसार मावतो, डोंबिवली ते सीएसएमटी बसायला मिळालं तर पाच-सहा कापडं सहज गुंडाळून होतात. पण हिशोब ऐका, एक इंच बाजूचे षटकोन धरले तर २७ बाय ३६ ला पावणेचारशेच्या आसपास लागतात. बाळ बालवाडीत जाईल.

आणि हो, हे सगळं झालं वरच्या थराचं. आपली गोधडी निराळी, तिच्यात ठिगळं थरांवरच ठेवत जायचं आणि धावदोरा घालत कडेकडून आत आत यायचं, ठिगळ आणि थर एकदमच शिवले जातात. ब्लॉकवाल्या क्विल्टचा वरचा थर आधी पूर्ण जोडायचा, मग खाली मऊ थर आणि अस्तर. पण ब्लॉक जोडून झाल्यावर वरून आपला धावदोरा घालायला कोणी अडवलेलं नाही. आत जाड पॉलिफिल (पॉलिएस्टरचा कापूस) भरू नका, मुंबईच्या जुलैत ते वाळता वाळत नाही, जुनी सुती साडी दुमडून घाला.

माझं काय झालं म्हणाल तर ओहायोसाठी सव्वापाच इंचाचे चौकोन कापून ठेवले होते, एका ब्लॉकपुरते त्रिकोण झाले होते, बाकी शाबूत होते. ते ३.५ ला छाटले आणि नाइन पॅच शिवले, पट्टीपद्धत गेली पण कापड वाचलं. ओहायो स्टार पण तीन घरांचाच ना, म्हणजे त्याच ९ इंचात तो बसतो, फक्त चारही कडांच्या मधल्या घरांत त्रिकोण येतात. म्हणून दोन गडद आणि दोन फिके चौकोन सव्वाचारला छाटले, दोन्ही कर्णांवर कापले, १६ त्रिकोण झाले. अकरा नाइन पॅच आणि एक तारा. तो तारा कुठे लावायचा यावर भाचीचं आणि तिच्या सासूबाईंचं अजून फोनवर चाललंय, मी तोवर अस्तर भिजत घातलंय.