मेनिंजायटिसचं पीसीआर पॅनेल: मशीन भारी आहे, पण मायक्रोस्कोप अडगळीत टाकू नका

आमच्या लॅबमध्ये मेनिंजायटिससाठीचं (मेंदूच्या आवरणाची सूज) हे मल्टिप्लेक्स पॅनेल, म्हणजे एकाच वेळी अनेक जंतूंचे जनुकीय अंश शोधणारी पीसीआर टेस्ट, येऊन वर्ष झालं, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पाठीतलं पाणी म्हणजे सीएसएफ फक्त 200 मायक्रोलिटर लागतं, पाउचमध्ये सोडलं, मशीनला लावलं की साधारण तासाभरात 14 जंतूंचा रिपोर्ट, न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, लिस्टेरियापासून हर्पिस, एंटेरोव्हायरस, क्रिप्टोकॉकस या बुरशीपर्यंत सगळे एकाच फटक्यात. कल्चरला, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून बघायला, दोन-दोन दिवस ताटकळायचो, त्यात पेशंटला आधीच अँटिबायोटिकचे डोस गेलेले असले की प्लेटवर काही उगवायचंच नाही. हे पॅनेल मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडतं. इथे पैकीच्या पैकी मार्क.

आता रडगाणं. एकदा रात्रपाळीत न्यूमोकॉकस पॉझिटिव्ह आला, मी वॉर्डला फोन लावणार तेवढ्यात सवयीने पेशी मोजायची काच (चेंबर) मायक्रोस्कोपखाली बघितली तर पेशी मोजून दोन, प्रोटीन नॉर्मल, शुगर रक्तातल्या शुगरच्या दोन तृतीयांश, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून बघायची स्लाइड) अख्खा कोरा, म्हणजे सगळं नॉर्मल. फोन केलाच, पण सांगितलं की हे जुळत नाहीये, मी परत लावतो. मग कळलं की नवीन पोराने मास्क न लावता टेबलावरच ट्यूब उघडली होती, आणि न्यूमोकॉकस तर धडधाकट माणसाच्या नाका-घशातही सापडतो. दुसरी, न उघडलेली ट्यूब सेफ्टी कॅबिनेटमध्ये (जंतूंपासून बचाव करणाऱ्या पेटीत) घेऊन लावली, निगेटिव्ह. मशीनचा दोष नाही म्हणा, पण इतकं संवेदनशील यंत्र म्हणजे आपली शिंकसुद्धा पेशंटच्या नावावर लागू शकते 😅

उलटंही होतं बरं का. हर्पिस एन्सेफलायटिसमध्ये (हर्पिसमुळे मेंदूला आलेली सूज) अगदी सुरुवातीच्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकतो, तेव्हा लक्षणं तशी असतील तर एवढ्यावरून अ‍ॅसायक्लोव्हिर (हर्पिसवरचं औषध) बंद करू नका, काही दिवसांनी परत पाणी काढून टेस्ट लावा. क्रिप्टोकॉकसचा संशय असेल तर अँटिजेन टेस्ट (बुरशीचा अंश पकडणारी) वेगळी मागवाच. टीबी तर या 14 मध्ये नाहीच!! तरी “पॅनेल निगेटिव्ह, म्हणजे टीबी नाही ना?” असे फोन येतात, काय बोलणार.

कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल हेही पॅनेल सांगत नाही, त्यासाठी कल्चरच हवं. त्यामुळे चार थेंब पाठवून फॉर्मवर फक्त पॅनेलला टिक करणाऱ्या डॉक्टर मंडळींनो, पेशी, शुगर, ग्रॅम स्टेन, कल्चर हे आधी, रक्तातली शुगरही त्याच वेळी पाठवा, नाहीतर तुलना कशाशी करायची.

5 पैकी 4 स्टार. आणि हो, कल्चरचं सीएसएफ फ्रिजमध्ये ठेवू नका राव, मेनिंगोकॉकसला थंडी सोसत नाही, तो मरतो आणि बोल आम्हाला लागतो.