गूल्डचं गोल्डबर्ग: १९५५चं ऐकावं की १९८१चं?

बाख या जर्मन संगीतकाराची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स पियानोवर ऐकायची म्हटलं की बहुतेकांची गाडी ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकापाशी येते, आणि मग प्रश्न पडतो: बाविशीतला गूल्ड की अठ्ठेचाळिशीतला? दोन्ही ध्वनिमुद्रणं न्यूयॉर्कच्या एकाच स्टुडिओतली. तीच आरिया, म्हणजे सुरुवातीची मूळ धून, आणि तिच्या पायावर बेतलेली तीच तीस व्हेरिएशन्स, म्हणजे तिची वेगवेगळी रूपं. वडिलांनी करून दिलेली बुटकी घडीची खुर्चीसुद्धा तीच. तरी वादक एकच आहे हे कानांना चटकन पटत नाही.

१९५५चं म्हणजे उमेदवारीचा जोर. त्या वर्षीच्या जानेवारीत गूल्डची न्यूयॉर्कमध्ये पहिली मैफल झाली, लगेच कोलंबिया कंपनीनं करार केला आणि जूनमध्ये त्यानं हे वाजवलं. प्रत्येक व्हेरिएशनचे दोन्ही भाग खरं तर दोनदा वाजवायचे असतात, त्या पुनरावृत्त्यांना सरळ फाटा. सगळा कारभार साडेअडतीस मिनिटांत उरकतो. पाचवं व्हेरिएशन तर चाळीस सेकंदही टिकत नाही, पण तेवढ्यातही एकेक स्वर सुटा, लख्ख ऐकू येतो. कोणाला हे जास्त आवडत असेल तर मी वाद घालणार नाही.

१९८१पर्यंत मधे बरंच घडून गेलं होतं. १९५७मध्ये सोव्हिएत रशिया गाजवून आलेल्या या माणसानं १९६४ साली, एकतिसाव्या वर्षी, मैफली कायमच्या सोडल्या. समोर श्रोते बसले की त्याला ती कसरत वाटायची. पुढची सतरा-अठरा वर्षं स्टुडिओ, रेडिओ आणि टीव्ही. दुसरं गोल्डबर्ग त्यातून आलंय. टाळीसाठी काही वाजवायचं उरलेलंच नाही. काही ठिकाणी पूर्वार्ध पुन्हा घेतो, एकूण एक्कावन्न मिनिटं होतात. आरियाच घ्या: पूर्वी दोन मिनिटांच्या आत संपायची, आता तीन मिनिटांच्या वर जाते.

पण ‘दुसरं म्हणजे संथ’ एवढंच धरून बसू नका. पंचविसावं, सगळ्यांत व्याकूळ व्हेरिएशन, तरुण गूल्ड जास्त रेंगाळत वाजवतो. अठ्ठेचाळिशीतला तिथे थोडा लवकर निघतो. मला तर पहिल्यातलं ते दुःख जरा दाखवल्यासारखं वाटतं. तुम्हाला तसं वाटेलच असं नाही.

गुणगुणण्याबद्दल तक्रारी फार ऐकू येतात. वाजवताना तो गातो, आणि १९८१मध्ये ते जास्त ऐकू येतं, हे खरं. माझ्यापुरता तो मुद्दा नाही. आमच्या कुडाळ-मालवणकडे पेटीवर बसलेला बुवा तोंडातल्या तोंडात काही म्हणत नसेल तरच आम्हाला चुकल्यासारखं होतं.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐकत मोठा झालेला माणूस मी. संगीत सुरू झालं की पाय आपोआप ठेका धरतो. १९५५च्या ध्वनिमुद्रणात तो दर मिनिटा-दोन मिनिटांनी तोंडघशी पडायचा. एका व्हेरिएशनला लय पकडावी, तोवर ते संपतं आणि पुढचं आपल्याच चालीनं धावत सुटतं. आधीच्या लयीचं त्याला देणंघेणं नाही. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे सुंदर आहे, पण मला सलग तीसदा नव्यानं बसायला लागतं. कितीही ऐकलं तरी ही चिडचिड गेली नाही.

१९८१मध्ये पाय सुटत नाही. गूल्डनं तेव्हा मुद्दाम लयीचा एक धागा आरियापासून शेवटपर्यंत राखला होता. एका व्हेरिएशनची मात्रा पुढच्यात कुठल्यातरी हिशेबानं बांधलेली असते. पखवाजी बरोबरीतून दुगणीत जातो तेव्हा झांजवाला गोंधळतो का? तसंच हे. वेग बदलला तरी खालची लय हातात राहते. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण नसलेल्या आपल्यासारख्यांना मला वाटतं हीच वाट सोपी.

एक अडचण मात्र सांगायला हवी. आषाढात पत्र्यावर सर कोसळत असताना १९८१ची आरिया लावू नका, अर्धे स्वर बुडतात. तेव्हा एक तर हेडफोन, नाही तर १९५५चं. ते पावसालाही ऐकत नाही. आणि घरात पेटी शिकणारं, बोटं शिवशिवणारं पोर असेल तर त्याला बेलाशक १९५५चंच द्या, पायाचं बघेल तो पुढे.

दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर माझा हात १९८१कडे जातो. हे ध्वनिमुद्रण बाजारात आलं सप्टेंबर १९८२मध्ये आणि ४ ऑक्टोबरला, पन्नाशी पुरी होऊन जेमतेम दहा दिवस होतात तोच, गूल्ड गेला. त्यामुळे लोक त्याला निरोपाचं वादन वगैरे म्हणतात. त्या भारानं ऐकू नका, निष्कारण गंभीर होऊन बसाल. आणि समोर श्रोते असताना हाच माणूस गोल्डबर्ग कसा वाजवायचा याची उत्सुकता असेल, तर १९५९च्या साल्झबर्गच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण मिळतं, पण ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.