संशोधन व्हिडिओच्या वेळापत्रकासाठी गूगल शीट्स: हळदीच्या हंगामाला कितपत पुरतं?

कॉलेजात संशोधन प्रकल्प म्हणून व्हिडिओ करायचा, आणि शेवटी 'वेळेचं नियोजन कसं केलं' यावर दोन पानं लिहायची, असं काम सांगली-साताऱ्याच्या बऱ्याच मुलांच्या वाट्याला येतं. त्यासाठी फुकट मिळणाऱ्या साधनांत गूगल शीट्स सगळ्यांत जास्त वापरलं जातं. चार-पाच जणांच्या गटासाठी ते खरोखर चांगलं आहे. पण कोरं शीट उघडून एका रकान्यात कामं आणि दुसऱ्यात तारखा लिहिल्या, तर ती नुसती यादीच होते. खरा उपयोग हवा असेल तर सुरुवातीला तासभर नीट मांडणी करावी लागते.

उदाहरणाला सांगलीचाच विषय घेऊ: हळद. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आठ मिनिटांच्या व्हिडिओत शेतातली काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, मार्केट यार्डातले सौदे आणि हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) इतकं बसवता येतं. विषय देखणा आहे, पण त्याला स्वतःचं पंचांग आहे. काढणी साधारण जानेवारी ते मार्च. शिजवलेली हळद उन्हात दहा-पंधरा दिवस वाळते, पॉलिश त्यानंतर. म्हणजे शिजवणं आणि पॉलिश एकाच शेतकऱ्याकडे, एकाच फेरीत टिपता येत नाही. हे ज्या वेळापत्रकात दिसत नाही ते सुरुवातीलाच चुकलेलं असतं. साताऱ्याच्या गटांनी कासचं पठार घेतलं तर त्यांचीही हीच अडचण: फुलांचे आठवडे मोजके, धुकं कधी उतरेल ते सांगता येत नाही, आणि हंगामात प्रवेशासाठी नोंदणी करावी लागते.

शीट्सची सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे शेवटाकडून मागे मोजता येणं. समजा, व्हिडिओ २० मार्चला द्यायचा आहे. दोन दिवस राखीव ठेवले तर अंतिम फाइल १८ मार्चला तयार हवी. कच्चा कट १० मार्चला, संहिता पक्की १ मार्चला, मुलाखतींचं लिप्यंतर, म्हणजे ऐकून शब्दशः लिहून काढणं, २२ फेब्रुवारीला. म्हणजे चित्रीकरण १५ फेब्रुवारीच्या आत संपायला हवं, आणि शेतकऱ्याशी व अडत्याशी पहिलं बोलणं संक्रांतीच्या आधी व्हायला हवं. वाळवण आणि पॉलिश धरलं तर शिजवण्याचं चित्रीकरण जानेवारीतच उरकावं लागतं. जानेवारीत निवांत असलेल्या गटाला हे मार्चमध्ये कळून काही उपयोग नाही.

यासाठी 'वर्कडे' (WORKDAY) हे फंक्शन वापरा. त्याला तारीख, दिवसांची संख्या आणि सुट्ट्यांची यादी द्यायची. दिवसांच्या आधी वजा चिन्ह दिलं की ते मागे मोजतं. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याच्या तारखेवरून मोजला, तर सबमिशनची एक तारीख बदलताच सगळी साखळी सरकते. पण साधं 'वर्कडे' शनिवार-रविवार सुट्टी धरतं, आणि विद्यार्थ्यांचं खरं काम त्याच दोन दिवशी होतं. म्हणून त्याचाच 'इंटरनॅशनल' प्रकार (WORKDAY.INTL) घ्या. त्यात सोमवारपासून सुरू होणारी सात अंकांची खूण अवतरणचिन्हांत द्यायची असते: एक म्हणजे सुट्टी, शून्य म्हणजे कामाचा दिवस. आधी पाच वेळा एक आणि मग दोन शून्यं दिली की हिशेब फक्त शनिवार-रविवारचा होतो. सुट्ट्यांची यादी वेगळ्या टॅबवर ठेवा. त्यात परीक्षेचे दिवस तर घालाच, पण २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, महाशिवरात्र, होळी आणि मार्केट यार्ड बंद असण्याचे दिवसही घाला. सौदे नसतील त्या दिवशी कॅमेरा घेऊन गेलात तर बंद गाळेच टिपून यावं लागेल.

दोन ठिकाणी ही मांडणी हमखास बिघडते. पहिली म्हणजे तारखेची पद्धत. शीटचं लोकेल, म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ती सेटिंग, अमेरिकेचं असेल तर ५ मार्च म्हणून भरलेलं ५/३ हे ३ मे होतं, आणि लगेच कुणाच्या लक्षातही येत नाही. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल भारत करा, आणि तेही पहिली तारीख भरण्याआधी. दुसरी म्हणजे गटातलं कुणीतरी घाईत सूत्राच्या खान्यात हाताने तारीख लिहितं. तिथे साखळी तुटते, पण शीट काहीच तक्रार करत नाही. त्यामुळे सूत्रांचे रकाने 'प्रोटेक्ट' करून ठेवा आणि हाताने भरायच्या खान्यांना पिवळा रंग द्या. तरी गोंधळ झालाच तर व्हर्जन हिस्टरीत कोणी काय कधी बदललं ते दिसतं. गटकार्यात ही सोय फार उपयोगाची आहे, कारण दोष कुणाचा यावरची भांडणं तिथेच मिटतात.

रंगीत पट्ट्यांचा तक्ता हवा असेल तर वरच्या ओळीत तारखा लिहून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये नियम द्या: वरची तारीख सुरुवातीएवढी किंवा तिच्यानंतरची असेल, आणि शेवटाएवढी किंवा त्याच्या आधीची असेल, तर रंग भर. पट्ट्या भलत्याच जागी पडल्या तर डॉलरची खूण चुकलेली असते. तारखेच्या संदर्भात ती ओळीच्या क्रमांकाआधी हवी, सुरुवात आणि शेवटाच्या संदर्भात रकान्याच्या अक्षराआधी. हे काम संगणकावर बसून करा, फोनवर फार किचकट होतं.

आता मुख्य मुद्दा. शीट तारखा सांभाळतं, पण एखाद्या कामाला किती वेळ लागतो हे त्याला कळत नाही. तो अंदाज आपण भरतो, आणि नवखे गट जवळजवळ नेहमी कमी भरतात. एक तासाच्या मुलाखतीचं हाताने लिप्यंतर करायला चार ते सहा तास लागतात. गूगल डॉक्सचं मराठी व्हॉइस टायपिंग वापरून काही वेळ वाचतो, पण बोली, मागचा आवाज आणि 'गड्डा', 'हळकुंड', 'काहील' (हळद शिजवायची मोठी कढई) असे शब्द दुरुस्त करत बसावंच लागतं. आठ मिनिटांच्या व्हिडिओचा कच्चा कट नवख्या हाताला बारा-पंधरा तास सहज घेतो. मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्दांच्या गतीने ऐकायला बरं वाटतं. म्हणजे निवेदन सलग असलं तरी आठ मिनिटांत हजारेक शब्दच बसतात. दोन हजार शब्दांची संहिता लिहून मग कापत बसणं म्हणजे एक अख्खा रविवार वाया.

फाइल हलवायलाही वेळ लागतो, आणि तो वेळापत्रकात कुणीच धरत नाही. फोनवरचं १०८० रिझोल्यूशनचं चित्रीकरण मिनिटाला १३० एमबीच्या आसपास जागा घेतं. ड्राइव्हवर फुकट मिळणारे १५ जीबी, तेही जीमेल आणि फोटोंसह मिळून, दोन तासांचं चित्रीकरण होण्याआधीच भरतात. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर एका जीबीला जवळपास २७ मिनिटं लागतात. यासाठी शीटमध्ये 'फाइल उतरवणं' ही वेगळी ओळ हवी, आणि ज्याच्याकडे संपादनाचा लॅपटॉप आहे त्याच्याकडे हार्ड डिस्क थेट नेऊन द्यायचा दिवस ठरलेला हवा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेलं चित्रीकरण दाबलं जातं. पाठवायचंच झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पॉलिशच्या ड्रमजवळ मुलाखत घेतली तर आवाज वाया जातो आणि पुन्हा जावं लागतं. काहिलीजवळ वाफेने लेन्स धूसर होते, ती पुसायला कापड हवं. अर्ध्या मिनिटाची चाचणी रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकणं, ही ओळ चित्रीकरणाच्या दिवसाखाली चेकबॉक्ससह घाला. अनेक फोन फ्रेम रेट (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) कमी-जास्त करत चित्रीकरण करतात. मग संपादनात लांब मुलाखतीचा आवाज ओठांपासून हळूहळू सरकत जातो. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून फाइल बदलून घेतली की हे टळतं, पण ते काम रात्रभर चालू शकतं. त्यालाही एक ओळ द्या.

म्हणून रकाने असे हवेत: काम, कोणाकडे, सुरुवात, शेवट, अंदाजे तास, प्रत्यक्ष तास, आणि 'कशामुळे अडलं'. शेवटचे दोन सगळ्यांत महत्त्वाचे. प्रत्यक्ष तास त्याच संध्याकाळी भरा. आठवड्याने भरलेला आकडा आठवणीतला असतो, आणि आठवण नेहमी आपल्या बाजूने बोलते. 'कशामुळे अडलं' मध्ये 'वेळ कमी पडला' असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. 'मजूर न मिळाल्याने काढणी चार दिवस पुढे गेली', 'परवानगीचं पत्र शेवटच्या दिवशी दिलं', 'आवाज खराब, पुन्हा मुलाखत' असं लिहा. पहिलं कारण आपल्या हाताबाहेरचं, दुसरं पूर्णपणे आपलं, तिसरं अर्धं अर्धं. दोन पानांच्या आत्मपरीक्षणात नेमकी हीच वर्गवारी मांडायची असते. ज्यांच्याकडे हे रकाने भरलेले असतात त्यांना ती पानं रचून लिहावी लागत नाहीत.

शीट्सचे तोटेही आहेत. एकाच मुलीकडे त्याच दोन दिवसांत लिप्यंतर आणि संपादन दोन्ही आलं, तर शीट स्वतःहून सांगत नाही. 'समइफ' (SUMIF) या फंक्शनने प्रत्येकाच्या तासांची बेरीज लावून घ्यावी लागते. गँटप्रोजेक्ट हे फुकट सॉफ्टवेअर कामं एकमेकांना जोडून कुणावर किती भार आहे ते दाखवतं, पण ते संगणकावरच चालतं आणि गटातल्या सगळ्यांच्या फोनवर उघडत नाही. शिवाय शीटमध्ये टिप्पणी टाकून काम सोपवलं की सूचना ईमेलवर जाते, आणि विद्यार्थी ईमेल क्वचितच बघतात. रविवारी रात्री येत्या आठवड्याच्या ओळींचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप गटावर टाकणं हा साधा उपाय चालतो. शेतात रेंज जाते, म्हणून निघण्यापूर्वी फोनवर शीट ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा.

एकट्याने प्रकल्प करणाऱ्याला भिंतीवरचं कालनिर्णय आणि एक वही पुरते, एवढी मांडणी त्याला ओझं होईल. गटासाठी मात्र पाचपैकी चार. एक गुण कापला तो भाराचा इशारा न देण्याबद्दल. प्रकल्प संपला की टॅबची प्रत काढून तारखा पुसा, पण प्रत्यक्ष तासांचा रकाना तसाच ठेवा. पुढच्या वर्षीच्या गटाला तो अंदाजे तासांच्या जागी चिकटवता येतो.