फाय बीटा कॅपाचं सभासदत्व: अडीचशे वर्षांची वही, एक किल्ली आणि शुल्क भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

अमेरिकेत पदवीला असलेल्या मुलाला किंवा मुलीला शेवटच्या वर्षी, बहुधा वसंत सत्रात, एक ईमेल येतो. तुमची फाय बीटा कॅपामध्ये निवड झाली आहे, अमुक तारखेपर्यंत होकार कळवा, शुल्क भरा. घरात मग दोनच सूर उमटतात. एक म्हणतो, फसवणुकीचा मेल आहे, काढून टाक. दुसरा म्हणतो, पैसे भरून सर्टिफिकेट मिळतंय ना, मग घे. दोघांचंही चुकतं. ही अमेरिकेतली सर्वात जुनी ऑनर सोसायटी, म्हणजे गुणवान विद्यार्थ्यांना निवडून घेणारी मानाची संघटना. आमंत्रण खरं असेल तर ते सोडू नये, हे आमचं स्पष्ट मत. मात्र सेवा म्हणून हातात फारसं काही पडत नाही, हेही आधीच सांगायला हवं. मिळतं ते एका जुन्या वहीत नाव. ती वही कुणी सुरू केली, कुणी वाचवली आणि कुणाकुणासाठी बंद ठेवली, हे कळलं तरच या शुल्काचं मोल ठरवता येतं.

आधी किल्ली बघू, कारण लोकांना ओळखीची असते ती तीच. दिसायला चौकोनी, बोटाच्या पेराएवढी पट्टी, वर कडी आणि खाली छोटा दांडा. एका बाजूला फाय, बीटा, कॅपा ही तीन ग्रीक अक्षरं, वरच्या कोपऱ्यात तीन तारे आणि खालच्या कोपऱ्यातून त्या ताऱ्यांकडे बोट दाखवणारा हात. दुसऱ्या बाजूला एस आणि पी ही अक्षरं, म्हणजे लॅटिनमधलं ‘सोसिएतास फिलॉसॉफिए’, आणि ५ डिसेंबर १७७६ ही तारीख. तीन ग्रीक अक्षरं ज्या ब्रीदवाक्याची आद्याक्षरं आहेत त्याचा अर्थ ‘ज्ञानाची ओढ ही आयुष्याची सुकाणू’. मूळ वस्तू किल्ली नव्हतीच, ते चांदीचं चौकोनी पदक होतं. खिशातल्या घड्याळाला चावी द्यायला म्हणून दांडा पुढे जोडला गेला, आणि घड्याळं गेली तरी दांडा राहिला. किल्ली सभासदत्वाच्या शुल्कात धरलेली नसते, ती वेगळी मागवावी लागते. सोन्याचा मुलामा दिलेलीपासून भरीव सोन्याचीपर्यंत मिळते. आमच्या मते मुलाम्याची पुरते. सोन्याच्या भावाने ती घेण्यात अर्थ नाही, तिचं मोल धातूत नाही.

आता वही. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये, विल्यम अँड मेरी महाविद्यालयात पाच विद्यार्थ्यांनी १७७६ च्या डिसेंबरात ही मंडळी जमवली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून जेमतेम पाच महिने झालेले. ग्रीक अक्षरांच्या नावाची ही अमेरिकेतली पहिली विद्यार्थी संघटना. पहिला अध्यक्ष जॉन हीथ, जो पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, व्हर्जिनियाचा प्रतिनिधी झाला. त्या महाविद्यालयात लॅटिन आद्याक्षरांची जुनी मंडळं आधीपासून होती. त्यांतल्या एकाने हीथला घेतलं नाही म्हणून ग्रीकमध्ये हुशार असलेल्या या मुलाने ग्रीक नावाचं स्वतःचं मंडळ काढलं, असं सांगतात. शपथ, गुप्त हस्तांदोलन, पदक, सगळा थाट गुप्त मंडळाचा. पण आत चालायचे ते निबंध आणि वादविवाद, आणि गुप्ततेमुळेच विषयांना धरबंध नव्हता. गुलामगिरी न्याय्य आहे का, हाही प्रश्न तिथे वादाला घेतला गेला. वाद घालणारी मुलं मात्र बहुतेक गुलाम राखणाऱ्या घरांतलीच होती.

हीथनंतरचा अध्यक्ष विल्यम शॉर्ट. हाच पुढे पॅरिसमध्ये थॉमस जेफरसनचा (नंतरच्या राष्ट्राध्यक्षाचा) सचिव झाला, नंतर नेदरलँड्समध्ये अमेरिकेचा राजदूत. त्याच्या काळात जॉन मार्शल आणि बुशरॉड वॉशिंग्टन ही नावं वहीत आली. दोघंही पुढे सर्वोच्च न्यायालयात बसले, मार्शल तर सरन्यायाधीश म्हणून. पण आम्हाला यांच्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो एलिशा पार्मली, आणि सोसायटीच्या गौरवगाथांमध्ये त्याचं नाव मागच्या रांगेत असतं याची खंत वाटते. कनेटिकटचा हा तरुण नव्या शाखा काढायच्या सनदा घेऊन उत्तरेला गेला. येलमध्ये १७८० साली आणि हार्वर्डमध्ये १७८१ साली शाखा उभ्या राहिल्या. तोवर इंग्रजी फौजा व्हर्जिनियात शिरल्या होत्या, आणि जानेवारी १७८१ मध्ये मूळ मंडळाची शेवटची बैठक झाली. तोपर्यंत सभासद झाले होते ५०. त्या दोन सनदा वेळेत निघाल्या नसत्या तर ही संघटना चार वर्षांतच संपली असती. विल्यम अँड मेरीतली शाखा १८५१ मध्ये आणि पुन्हा १८९३ मध्ये जिवंत करावी लागली.

गुप्तता गेली १८३१ मध्ये, हार्वर्डच्या शाखेत. फ्रीमेसन या गुप्त मंडळाची गुपितं छापायला निघालेला विल्यम मॉर्गन १८२६ मध्ये बेपत्ता झाला, आणि त्यानंतर फ्रीमेसन आणि एकूणच गुप्त मंडळांविरुद्ध लोकांचा रोष उसळला होता. एडवर्ड एव्हरेट आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्यासारखे जुने सभासद त्या चर्चेत होते. शपथेचं ओझं उतरलं आणि ही संघटना खऱ्या अर्थाने गुणवत्तेची झाली. सहाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १८३७ ला, याच शाखेच्या व्यासपीठावरून विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सनने ‘द अमेरिकन स्कॉलर’ हे व्याख्यान दिलं. सोसायटीच्या त्रैमासिकाला १९३२ मध्ये तेच नाव मिळालं.

टीका करायची ती इथे. स्त्रियांना प्रवेश १८७५ मध्ये, व्हरमाँट विद्यापीठात. म्हणजे स्थापनेनंतर ९९ वर्षांनी. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांना पहिल्या शाखा १९५३ मध्ये, फिस्क आणि हॉवर्डला. इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन फिस्कमधून १९३५ साली पदवीधर झाले तेव्हा त्यांच्या महाविद्यालयात शाखाच नव्हती. त्यांचे आजोबा गुलाम होते. हेच फ्रँकलिन १९७३ ते १९७६ या काळात संपूर्ण संघटनेचे अध्यक्ष होते, आणि द्विशताब्दीचं वर्ष त्यांच्याच कारकिर्दीत आलं. ज्या मंडळात गुलाम राखणाऱ्यांची मुलं गुलामगिरीवर वाद घालत होती, त्याच मंडळाचे हे अध्यक्ष. माजी नेत्यांच्या यादीतलं एकच नाव लक्षात ठेवायचं तर आम्ही हे ठेवू.

बाकीची नावं थोडक्यात. शाखांची राष्ट्रीय संघटना १८८३ मध्ये बांधली गेली. ऑस्कर व्हूरहीस यांनी १९०१ पासून १९३१ पर्यंत, तीस वर्षं, सचिवपद सांभाळलं. संघटनेचा कागदोपत्री इतिहास हाताशी आहे तो मुख्यतः त्यांच्यामुळे. मार्जोरी होप निकलसन या पहिल्या महिला अध्यक्ष, १९४० ते १९४६. प्रिन्स्टनचे डीन ख्रिश्चन गॉस हेही अध्यक्ष होते, आणि साहित्यसमीक्षेच्या ग्रंथाला सोसायटी देते तो पुरस्कार त्यांच्या नावाने आहे.

विल्यम्सबर्गला जाणं झालं तर रॅली टॅव्हर्न ही जुनी खाणावळ जरूर बघावी. हिच्याच अपोलो खोलीत ही मंडळी जमायची. मूळ इमारत १८५९ मध्ये जळाली, आजची आहे ती जुन्या पायावर उभारून १९३२ मध्ये खुली केलेली. हे अख्खं जुनं गाव पुन्हा उभं राहण्यामागेही सोसायटीचा धागा आहे. ही कल्पना मांडणारे तिथले धर्मोपदेशक गुडविन आणि तिला पैसा पुरवणारे धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांची गाठ पडली ती १९२४ मध्ये न्यूयॉर्कला, फाय बीटा कॅपाच्याच भोजन समारंभात.

आता व्यवहार. इथे अर्ज करता येत नाही, कुणी शिफारस करून जमत नाही. त्या महाविद्यालयातले सभासद प्राध्यापक गुणपत्रकं वाचून निवड करतात. अमेरिकेतल्या साधारण १० टक्के महाविद्यालयांतच शाखा आहेत, सुमारे २९०. त्यातही कला आणि विज्ञान शाखेच्या पदवीधर तुकडीतले फार तर १० टक्के घेतले जातात. नुसता जीपीए, म्हणजे चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी, पुरत नाही. चांगल्या जीपीएची पुष्कळ मुलं इथेच गळतात. साधारण ९० क्रेडिट कला, सामाजिक शास्त्रं आणि मूलभूत विज्ञानाचे लागतात, गणित, तर्कशास्त्र किंवा संख्याशास्त्राचा किमान एक कोर्स लागतो, आणि परभाषा मध्यम पातळीपर्यंत. संगणक आणि बिझनेसच्या कोर्सनी भरलेलं गुणपत्रक ३.९८ चं असलं तरी म्हणूनच मागे पडतं. तिकडेच वाढलेल्या मुलांना घरच्या मराठीवर भाषेची अट सुटते का, हे शाखेगणिक बदलतं. तेव्हा दुसऱ्या वर्षातच शाखेच्या सचिवांना लेखी विचारून ठेवावं. चौथ्या वर्षी कळून उपयोग नसतो.

आपल्याकडून एमएस करायला गेलेल्यांनी एक पक्कं ध्यानात ठेवावं: ही सोसायटी पदवीच्या विद्यार्थ्यांची आहे. एमएसच्या विद्यार्थ्याला आमंत्रण आलं असेल तर ते बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी आहे. तेही खरं आणि चांगलं असू शकतं. फाय कॅपा फाय ही मेन विद्यापीठात १८९७ मध्ये मार्कस उरान या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने सुरू झाली, सगळ्या विद्याशाखांसाठी, आणि ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांतले वरचे १० टक्के घेते. टाऊ बीटा पाय ही अभियंत्यांची, १८८५ साली लिहाय विद्यापीठात प्राध्यापक एडवर्ड विल्यम्स यांनी काढलेली. दोन्ही भक्कम आहेत. नावात दोन ग्रीक अक्षरं घालून कुणालाही पत्र पाठवणाऱ्या संस्था मात्र खूप आहेत. ओळखायचं असं: आपल्या महाविद्यालयात त्यांची शाखा आहे का, पत्रावर तिथल्याच प्राध्यापकाचं नाव आणि महाविद्यालयाचा पत्ता आहे का, पदवीदान समारंभाच्या छापील कार्यक्रमात त्या सोसायटीची यादी येते का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर निर्धास्त राहा. ‘स्वतःचं नाव सुचवा’ असं बटण दिसलं की तिथेच थांबा.

फाय बीटा कॅपाचं शुल्क एकदाच, सभासदत्व आयुष्यभराचं. रक्कम शाखेगणिक वेगळी असते, कारण त्यात शाखेचाही वाटा असतो. काही महाविद्यालयं ती स्वतः भरतात. पैशांची अडचण असेल तर सचिवांना संकोच न करता लिहावं. हातातली संधी जाते ती मुख्यतः एकाच कारणाने: मेल स्पॅममध्ये पडतो आणि मुदत उलटते. मार्च ते मे या काळात तो फोल्डर आठवड्यातून एकदा चाळावा, आणि मुदत गेलीच तरी सचिवांना एकदा विचारून बघावं.

मोबदल्यात नोकरी मिळत नाही. अमेरिकेत रेझ्युमेवर हे नाव लगेच ओळखलं जातं, विशेषतः कायदा, वैद्यक आणि पीएचडीच्या प्रवेशात. पुण्या-मुंबईतल्या मुलाखतीत बहुधा समजावून सांगावं लागेल, तिथे ‘पदवीच्या तुकडीतले वरचे १० टक्के’ असं सरळ लिहावं. देणगीची पत्रं येत राहतील, ती ऐच्छिक असतात.

नोंदणी करताना नाव जपून भरा. आपल्या पासपोर्टमध्ये पुष्कळदा वडिलांचं नावही मुलाच्या नावाच्या रकान्यात असतं, आणि विद्यापीठाच्या नोंदीत ते तसंच लांबलचक उतरतं. प्रमाणपत्रावर आणि किल्लीवर जे हवं ते एकाच स्पेलिंगने, पदवीशी जुळवून द्या. किल्लीवर एकदा कोरलेलं अक्षर पुसता येत नाही, बदलायची तर नवी घ्यावी लागते. दीक्षासमारंभाला मात्र स्वतः जा. बऱ्याच शाखांमध्ये तिथे अजूनही ते जुनं हस्तांदोलन शिकवतात आणि शाखेच्या वहीत सही घेतात, पेनने.